एकाच बाजूचा आवाज

बातुमी बंदराच्या मागे, संत्र्यांच्या वखारीवर,
दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस.
अठरा खोकी. प्रत्येकात एक काळा फोन,
गुंडाळलेली वायर, पिशवीत स्टँडचे दोन पाय
आणि सोळा भाषांतलं माहितीपत्रक.
मी ते दर वेळी उघडतो.
आमची भाषा त्यात नसते.

तार खोचली की फोन डोळे उघडतो.
वेगळा प्लग नको, वीज आणि बोलणं
एकाच तारेतून येतं.
मग तो पत्ता मागतो, कुणीतरी देतं:
दहा, शून्य, वीस, एकतीस.
इतक्या सहज मला या गावात भाड्याची खोली मिळाली नव्हती.

बाद्रीसाहेबांना नंबर शंभरच हवा, गोल.
गोदामातला जाबा म्हणतो, तेरा सोडून काहीही.
आणि नावं टाकायला गेलो तर
पडद्यावर आमची अक्षरं उमटेनात.
त्सियाला म्हणजे पाच रिकामे चौकोन,
लामारा म्हणजे सहा.
शेवटी परक्या लिपीत लिहिली,
पासपोर्टावर लिहितात तशी.

त्सियाला माल रवाना करते. लामारा हिशेब बघते.
मधे प्लायवूडची भिंत
आणि नऊ वर्षांचा अबोला.
त्राब्झोनला गेलेला एक ट्रक, कागदावरची एक सही,
कुणाचा तरी कापलेला पगार.
तेव्हापासून बिलं जाबाच्या हातून जातात,
भिंतीला वळसा घालून.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी आपला एकशे चारवरून एकशे बारा लावायला सांगितला.

लामारानं उचलला. इथे अजून पुष्कळजण
फोन उचलून म्हणतात, ‘गिसमेन्त’:
ऐकतेय तुमचं.
त्सियालाला ते स्वच्छ ऐकू आलं.
त्सियाला बोलली, ते लामारापर्यंत पोचलं नाही.
‘गिसमेन्त? गिसमेन्त?’
आणि पलीकडे काही नाही.

हा रोग माझ्या ओळखीचा.
आवाज निघतो घरून व्यवस्थित,
पण त्याच्या खिशातला पत्ता चुकीचा असतो.
वाटेत कुठेतरी जुना राउटर बसलेला असतो,
कुणी लावला कुणाला आठवत नाही,
कुणी काढायला धजत नाही.
मी त्सियालाच्या टेबलाखाली शिरलो, तार धरून मागे मागे.

वर ती रिसीव्हर धरून बसलेली.
‘ऐकू येत नाहीये ना तुला?’ ती म्हणाली.
‘बरं झालं. सही माझीच होती.
घाई होती, गाडी सुरू होती,
तुझ्या नावापुढे मीच केली.’

मी टेबलाखाली. हातात धुळीचा गोळा.
श्वास घ्यावा की नाही कळेना.

मग आवाज आला. फोनमधून नाही,
प्लायवूडमधून:
‘फोनवर काही येत नाहीये.
दुरुस्त झाला की परत सांग.’

जुना राउटर लामाराच्या कपाटामागे सापडला,
दिवा अजून लुकलुकत होता बिचाऱ्याचा.
काढला. तार सरळ जोडली.
फोन उठला, नवा पत्ता घेतला, नाव नोंदवलं.

या वेळी लावला लामारानं.
त्सियालानं उचलला. ‘गिसमेन,’ म्हणाली.
शेवटचा त गळालेला.
ऐकतेय तुझं.

आणि कुणीच काही बोलेना.
पडद्यावर सेकंद चढत राहिले, सात, आठ, एकवीस.
मी लॅपटॉपवर पाहिलं:
दोन्ही दिशांना पॅकेटं चालली होती,
सेकंदाला पन्नास जाणारी, पन्नास येणारी.
गप्प बसणंसुद्धा तुकडे करून पाठवावं लागतं,
तेही क्रमानं लावून.

बाद्रीसाहेब दारात आले.
म्हणाले, शंभरवरून एकशे चार लागत नाही,
बिझी दाखवतोय, बघा जरा.
म्हटलं, बघितलंय.
लाइन ठीक आहे.